रोजच्या जगण्यातलं शिष्यत्व आणि साक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने आलेल्या लोकांबरोबर मी गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा बसते. कुणी नुकताच बाप्तिस्मा घेतलेला असतो. कुणी ख्रिस्ती घरात जन्मलेला असतो, पण विश्वास आत्ता कुठे त्याचा स्वतःचा झालेला असतो. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. ते ज्या शब्दांत येतात, त्याच शब्दांत इथे उतरवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण माणसं तिथेच अडतात.

ख्रिस्ती असणं आणि शिष्य असणं, यात फरक आहे का?

बायबलच्या नव्या करारात तरी नाही. 'ख्रिस्ती' हा शब्द तिथे फक्त ३ वेळा येतो: दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. 'शिष्य' हा शब्द मात्र चार शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची येशूची चरित्रं) आणि प्रेषितांची कृत्ये मिळून अडीचशेहून जास्त वेळा येतो. कृत्ये ११:२६ मध्ये म्हटलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात मिळालं. म्हणजे येशूच्या मागे चालणं आधीच सुरू झालं होतं, नाव मागाहून आलं.

शिष्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'माथेतेस', म्हणजे शिकणारा. शिकणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वही-पुस्तक येतं. पण मार्क ३:१४ वाचा. येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी? त्यांनी आपल्याबरोबर असावं म्हणून, आणि मग त्यांना उपदेश करायला पाठवावं म्हणून. हा क्रम मी प्रत्येकाला पाठ करायला लावते. आधी त्याच्याबरोबर असणं, मग पाठवलं जाणं. खाली जे काही लिहिलं आहे ते या एका वचनाला धरूनच आहे.

रोज नेमकं काय करायचं? वेळच मिळत नाही.

पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. जागा ठरलेली असू द्या, वेळही ठरलेली असू द्या. मार्क १:३५ मध्ये येशू भल्या पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं, आजारी माणसांची रांग लागली होती. थकवा त्यालाही असणारच. पहाटच हवी असा नियम मात्र यातून काढू नका. तान्ह्या बाळाची आई असेल, रात्रपाळी करणारा असेल, त्याने आपली वेळ आपण शोधावी.

त्या पंधरा मिनिटांत एक छोटा उतारा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसता वाचा. दुसऱ्यांदा थांबत वाचा आणि एकच वाक्य उचला. मी ते वाक्य वहीत लिहिते, तारखेसह. त्या पानाच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारलेली असते आणि रेघेपलीकडे माणसांची नावं. दर आठवड्याला पाच, त्याहून जास्त नाहीत. रात्री झोपताना तेच पान उघडायचं आणि स्वतःला विचारायचं, आज हे वाक्य मला कुठे आठवलं? कुठे आठवायला हवं होतं, पण आठवलं नाही? कित्येक रात्री पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'कुठेच नाही' असं असतं. तेही लिहायचं.

उरलेल्या दिवसाचं काय? इथे मला सतराव्या शतकातल्या ब्रदर लॉरेन्सची आठवण होते. आधी सैनिक, मग पॅरिसमधल्या कार्मेली मठात साधा बंधू. त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, आणि ते काम त्याला मुळात आवडायचं नाही. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलत राहायचं, एवढाच त्याने सराव केला, वर्षानुवर्षं. १६९१ मध्ये तो वारला. ना तो मोठा पंडित होता, ना मोठा उपदेशक. तरी आजही लोक त्याच्याकडून शिकतात. वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एक सांगते: वेगळी वेळ काढा, पण देवाला तेवढ्या वेळेत कोंडून ठेवू नका.

बायबल कुठून सुरू करू? पहिल्या पानापासून?

मार्कपासून. फक्त १६ अध्याय आहेत, चारांत सर्वांत छोटं शुभवर्तमान. मग लूक, योहान, मत्तय. चारही मिळून ८९ अध्याय होतात, म्हणजे रोज एक वाचलात तर तीन महिन्यांत येशूचं सगळं चरित्र चार बाजूंनी पाहून होतं. पूर्ण नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक वाचला तर बरोबर एक वर्ष, आणि चुकलेला दिवस भरून काढायला दोन दिवस हाताशी राहतात. पहिल्या पानापासून सुरू करणारे बरेचजण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत येतात आणि थांबतात. त्यात त्यांचा दोष नाही, ते पुस्तक एकट्याने वाचण्याचं नव्हेच.

प्रार्थनेत शब्दच सुचत नाहीत.

मग उसने घ्या. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत ती त्यासाठीच. आणि त्यात केवळ स्तुती आहे असं समजू नका. रडणारी, जाब विचारणारी, 'हे परमेश्वरा, किती काळ?' म्हणणारी कितीतरी आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी सुटकेचा एक शब्दही नाही. असं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, याचा मला वाईट दिवसांत फार आधार वाटला आहे.

प्रभूची प्रार्थनाही सावकाश म्हणून पाहा. तिच्यात 'मी' कुठेच नाही. आमच्या पित्या, आम्हांला दे, आम्हांला क्षमा कर. एकट्याने म्हटली तरी ती सगळ्यांची प्रार्थना असते.

घरीच वाचतो, प्रार्थना करतो. मंडळीत जायलाच हवं का?

हो. मंडळीत दुखावले गेलेले लोकही हे विचारतात, आणि त्यांना मी पटकन उत्तर देत नाही. आधी त्यांचं ऐकते. पण उत्तर बदलत नाही. नव्या करारात 'एकमेकांवर', 'एकमेकांना' हे शब्द पदोपदी येतात: एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा. यातलं एकही एकट्याने जमत नाही.

आणि मंडळी म्हणजे फक्त रविवारची उपासना नव्हे. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. ते फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि गटप्रमुखाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे गोळा करताना या प्रमुखांना दिसलं की कुणाच्या घरी भांडण आहे, कुणी पुन्हा दारूकडे वळलाय. वेस्लीने लगेच ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मग तेच गट दर आठवड्याला बसू लागले आणि एकमेकांना विचारू लागले, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय? हिशोबाच्या निमित्ताने सुरू झालेली गोष्ट शिष्यत्वाची शाळा झाली. तुम्हाला हा प्रश्न विचारू शकेल असं कुणी आहे का? नसेल तर आधी ते माणूस शोधा. दोघं असलात तरी चालेल.

सुवार्ता सांगायची म्हणजे नक्की काय सांगायचं?

प्रेषित पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं की मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला (१ करिंथ १५:३-४). गाभा इतका आहे. मंडळी कशी चांगली आहे, गाणी कशी सुंदर आहेत, माझी नोकरी कशी लागली, हे सगळं सुवार्तेभोवतीचं आहे, सुवार्ता नव्हे.

त्यासोबत तुमची स्वतःची साक्ष. ती तीन मिनिटांत सांगता यायला हवी. घरी बसून लिहून काढा. पूर्वी कसे होता ते थोडं, येशू कसा भेटला ते जास्त, आणि आता काय बदललंय, काय अजून बदलायचंय, ते प्रामाणिकपणे. मग मंडळीतल्या नेहमीच्या शब्दांखाली रेघ मारा: उद्धार, अभिषेक, तारण, नवा जन्म. समोरच्याला हे शब्द माहीत नसतील तर ते कसे सांगाल? 'माझं तारण झालं' ऐवजी एका बहिणीने लिहिलं होतं, 'रात्री मला स्वतःची लाज वाटायची, ती आता वाटत नाही, आणि ती का गेली ते मी सांगू शकते.' हे वाक्य कुणालाही कळेल.

नुसतं चांगलं वागलं तर पुरे नाही का? बोलायची काय गरज?

आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर एक वाक्य फिरत असतं: सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. ते त्याच्या लिखाणात नाही आणि त्याच्या जुन्या चरित्रांतही नाही. १२२६ मध्ये वारलेला हा माणूस गावोगाव फिरून उपदेश करत असे, खुल्या चौकांतसुद्धा.

वागणं हवंच. ते नसेल तर बोलू नये, असंच मी म्हणेन. पण माझं चांगलं वागणं पाहून माणूस फार तर म्हणेल, ही बाई चांगली आहे. श्रेय मला मिळालं, येशूचं नाव कुठे आलं? ऐकल्याशिवाय लोक विश्वास कसा ठेवतील, हा पौलाचा प्रश्न (रोम १०:१४) आजही तसाच उभा आहे.

मला बोलताच येत नाही. भीती वाटते. उत्तरं देता आली नाहीत तर?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न.

पहिली गोष्ट, तुम्हाला वकिली करायची नाही, साक्ष द्यायची आहे. योहान ९ मधला जन्मांध माणूस पाहा. येशूने त्याला दृष्टी दिल्यावर परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी, त्याला घेरतात, येशू पापी आहे म्हणतात, धर्मशास्त्राचे प्रश्न विचारतात. तो सरळ म्हणतो, तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. 'मला ठाऊक नाही' असं म्हणूनसुद्धा त्याची साक्ष पूर्ण होते. तुम्हीही म्हणा. 'हे मला माहीत नाही, विचारून सांगतो' असं म्हणणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, १ पेत्र ३:१५ नीट वाचा. तुमच्यातल्या आशेबद्दल जो कुणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे इथे समोरचा विचारतो आहे. आपण मात्र कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून बसतो. अम्माऊस गावाच्या वाटेवर मरणातून उठलेला येशू दोन शिष्यांना गाठतो. वाट सुमारे ११ किलोमीटरची. तो काय करतो? आधी विचारतो, तुम्ही चालता चालता कशाबद्दल बोलताय? त्यांनी सांगितलेली हकिगत त्याचीच होती. ती त्याच्यावरच ओढवली होती. तरी तो त्यांना सगळं सांगू देतो, मगच शास्त्र उलगडतो. जो ऐकतो त्याला बोलायची वेळ आपोआप कळते.

तिसरी गोष्ट, सुरुवात फार लहान असू शकते. नथनेलाने येशूबद्दल शंका काढली तेव्हा फिलिप्पाने वाद घातला नाही. 'येऊन पाहा' एवढंच म्हणाला. अंद्रियाने आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे नेलं. अंद्रियाचं एकही प्रवचन कुठे नोंदलेलं नाही.

कामाच्या ठिकाणी साक्ष कशी द्यायची?

आधी काम नीट करा. अक्विला, त्याची बायको प्रिस्किल्ला आणि पौल करिंथात एकत्र राहुट्या बनवायचे. ती राहुटी गळकी असती तर त्यांचं कोण ऐकलं असतं? कामाची वेळ कामालाच द्या, कारण त्या वेळेचा मोबदला तुम्ही घेतलेला असतो. चूक झाली तर ती दुसऱ्यावर ढकलू नका. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलणं सुरू झालं की गप्प राहा. हे शेवटचं सगळ्यात कठीण आहे, आणि सगळ्यात लवकर लोकांच्या लक्षात येतं.

एक गोष्ट मात्र कडक. तुमच्या हाताखाली कुणी असेल, तुम्ही शिक्षक असाल, डॉक्टर असाल, समोरच्याचं काही तुमच्या शब्दावर अवलंबून असेल, तर स्वतःहून विषय काढू नका. त्याला 'नको' म्हणायची खरी मोकळीक नसते. दुसऱ्याच्या मुलांच्या बाबतीतही तसंच. आईवडिलांच्या पाठीमागे काही नाही.

दुःखात असलेल्या माणसाला सुवार्ता सांगावी का? तेव्हा तर त्याला सर्वांत जास्त गरज असते.

इथे मी चुकले आहे, म्हणून सांगते. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ अचानक गेला. मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले, वचनं काढून तयार होते. मी बोलत होते आणि ती माझ्याकडे न पाहता ओढणीच्या टोकाची गाठ सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. मी पुनरुत्थानाबद्दल जे बोलले ते सगळं खरं होतं. पण त्यानंतर कितीतरी महिने ती मला टाळत राहिली.

मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं सगळं बिघडलं ते तोंड उघडल्यावर. आता मी कुणाकडे गेले की शेजारी बसते, हाताला येईल ते काम करते. निघताना एकच विचारते, 'तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' नाही म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर तिथेच, दोन वाक्यांत.

ती मैत्रीण पुढे परत बोलू लागली. एके दिवशी तिनेच विचारलं, 'तू त्या दिवशी म्हणाली होतीस, ते तुला खरंच वाटतं?' त्या वेळी मी फक्त 'हो' म्हटलं आणि तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

घरचे ऐकत नाहीत. त्यांना कसं सांगू?

येशूच्या स्वतःच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान ७:५). ज्यांनी त्याला रोज पाहिलं, त्यांचाच नव्हता. पुढे मरणातून उठलेला येशू त्या भावांपैकी याकोबाला दिसला आणि तो यरुशलेमेतल्या मंडळीचा आधारस्तंभ झाला. म्हणून घरच्यांच्या बाबतीत घाई करू नका आणि आशाही सोडू नका. तुमचा जुना राग, जुना आळस त्यांना तोंडपाठ आहे. तो बदललेला दिसायला वेळ लागणारच. आईवडिलांचा मान कमी होऊ देऊ नका. वाद जिंकून माणूस गमावू नका.

कुणी स्पष्ट नको म्हटलं तर? आणि मदत करताना येशूबद्दल सांगितलं तर काय बिघडलं?

नको म्हटलं तर थांबा, आणि मैत्री तशीच ठेवा. मार्क १० मध्ये एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशू त्याच्याकडे निरखून पाहतो, त्याच्यावर प्रीती करतो, खरं ते सांगतो. माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, अट कमी करत नाही, शापही देत नाही. जाऊ देतो. ज्याला जायची मोकळीक नाही, त्याचं येणंही खरं नसतं.

मदतीबद्दल माझं मत ठाम आहे. मदत करा आणि विसरा. मदतीच्या बदल्यात ऐकून घेण्याची अपेक्षा ठेवलीत तर तो सौदा झाला. कृपा फुकट मिळते असं सांगणाऱ्याने ती विकू नये. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल, भीती घालणं, बरं होण्याची खात्री देणं, यातलं काहीही आपण करायचं नाही. आपण राहतो तिथला कायदाही पाळायचाच.

मोबाईलवर रोज वचन पाठवते. ती साक्ष आहे का?

ज्याने मागितलं त्याला जरूर पाठवा. बाकीच्यांना वचनाऐवजी 'कशी आहेस?' असं विचारा आणि उत्तर पूर्ण वाचा.

मीच पडलो आहे. कोणत्या तोंडाने सांगू?

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोन ठिकाणी आहे, आणि दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच आहे. पहिला, येशूला पकडलं त्या रात्री, मुख्य याजकाच्या अंगणात. थंडी होती, येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा होता, आणि तिथेच येशूला ओळखत नाही असं म्हणाला. तीनदा. दुसरा विस्तव पहाटे समुद्रकिनारी. तो उठलेल्या येशूने स्वतः पेटवलेला होता. कोळशाचा तो वास पेत्राला कुठे घेऊन गेला असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. आणि त्या विस्तवापाशी येशू त्याला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस का? एकदाही 'तू असं का केलंस' विचारत नाही. तीनदा काम सोपवतो: माझी मेंढरं पाळ.

पाप लपवून साक्ष देऊ नका. ज्याचं नुकसान केलंय त्याच्याकडे आधी जा. जक्कय या जकातदाराने लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं. पाळकांशी किंवा विश्वासू माणसाशी बोला, काही काळ जबाबदारीपासून बाजूला व्हावं लागलं तर व्हा. पण येशूपासून दूर जाऊ नका.

कुणी खरंच विश्वास ठेवला तर? मग पुढे काय?

मत्तय २८:१९-२० मध्ये मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याच्याभोवतीची क्रियापदं. नुसता होकार मिळवून थांबायला आपल्याला सांगितलेलं नाही. अपुल्लोस उत्तम वक्ता होता, पण त्याला सगळं नीट माहीत नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला चारचौघांत टोकलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून सांगितला.

त्यामुळे त्या व्यक्तीला विचारा, आठवड्यातला कोणता दिवस बरा पडेल? मार्क उघडा, आठवड्याला एक अध्याय, १६ आठवडे. दोघांनी आळीपाळीने मोठ्याने वाचा. पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. आणि पहिल्या दिवशी त्याला एक कोरी वही द्या, पानाच्या उजव्या बाजूला रेघ मारून.